चाई : केस गेले, तरी मूळ जिवंत



सकाळी शाळेची घाई चालू असते. आई मुलीच्या दोन वेण्या घालीत असते. केस विभागताना कानामागे तिच्या बोटाला एक गुळगुळीत जागा लागते. केस बाजूला सारून पाहावे, तो रुपयाच्या नाण्याएवढी गोल, स्वच्छ, तुळतुळीत त्वचा. खपली नाही, जखम नाही, खाज नाही. केवळ केस नाहीत. किंवा एखादा तरुण दाढीसाठी नाभिकाच्या खुर्चीत बसतो आणि नाभिक हनुवटीखालची एक जागा दाखवून विचारतो, "दादा, इथली दाढी कुठे गेली?" एखाद्याची अर्धी भुवई जाते, एखाद्याच्या पापणीचे केस विरळ होतात, तर कुणाच्या पोटरीवर वा दंडावर केसविरहित चट्टा उमटतो.

त्या क्षणापासून घरात जे सुरू होते, ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. आजी म्हणते, "चाई लागली, केस खाणारा किडा असतो तो." काकू बिब्बा उगाळून लावायला सांगतात. शेजारच्या काकांना कांद्याचा रस आठवतो. कुणी गुंज वाटून लावा म्हणतो. औषधाच्या दुकानातून एक मलमाची नळी येते. आई रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या वेगळ्याच विचारात असते : पुढे हिच्या लग्नाचे काय? आणि ज्या मुलीच्या डोक्यावर हे सारे घडत असते, ती काहीच विचारीत नाही. तिने टोपी शोधलेली असते.

आजच्या विषयाचे महत्त्व याच पहिल्या काही आठवड्यांत दडलेले आहे. चाई जीवघेणा आजार नाही. तथापि या काळात घाबरलेले घर जे करते, त्यानेच पुष्कळदा आजारापेक्षा अधिक हानी होते. म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. चाईमध्ये केस गळतो. केसाचे मूळ मरत नाही. मूळ जिवंत असल्यामुळे केस परत येण्याची शक्यता वर्षानुवर्षे शिल्लक राहते. पुढचे सारे विवेचन याच एका सत्याच्या आधारे समजून घ्यायचे आहे.

केसाचे जीवनचक्र

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीतून उगवतो. तिला आयुर्वेदाने रोमकूप म्हटले आहे, म्हणजे केसाची विहीर. हा शब्द आजही चपखल आहे. विहिरीच्या तळाशी झरा असतो तसा रोमकूपाच्या तळाशी सतत विभागणाऱ्या पेशींचा कंद असतो, आणि त्यातूनच केसाचा तंतू वर येतो.

प्रत्येक रोमकूपाचे एक चक्र असते. वाढीचा काळ, आवरते घेण्याचा काळ आणि विश्रांतीचा काळ अशा त्याच्या तीन अवस्था. डोक्यावरील केसाचा वाढीचा काळ २ ते ६ वर्षांचा असतो आणि त्या काळात तो महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. आवरते घेणे दोन-तीन आठवड्यांत उरकते. विश्रांती सुमारे तीन महिन्यांची, आणि त्यानंतर जुना केस गळून त्याच विहिरीतून नवा उगवतो. भुवया, पापण्या, हातापायांवरील लव यांचा वाढीचा काळ मात्र फार लहान, काही आठवडे ते काही महिने एवढाच असतो. म्हणूनच भुवई कधी वेणीएवढी लांब होत नाही.

शरीराचा आपल्याच मुळाशी तंटा

चाईला आधुनिक वैद्यकात 'अॅलोपेशिया एरियाटा' म्हणतात. 'अॅलोपेशिया' हा शब्द ग्रीक भाषेतील कोल्ह्यावरून आला. खरजेने कोल्ह्याच्या अंगावरचे केस झडतात, त्यावरून ते नाव पडले. या नावाखाली येणारा आजार मात्र खरजेचा नाही, किड्याचा नाही आणि संसर्गाचाही नाही. एकाच्या कंगव्याने, उशीने वा टोपीने तो दुसऱ्याला होत नाही. अस्वच्छतेशी, तेल न लावण्याशी वा कोणत्याही पापपुण्याशी त्याचा संबंध नाही.

मग हे घडते कसे? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी संरक्षक यंत्रणा आहे. पांढऱ्या पेशी हे तिचे सैनिक. हे सैनिक शरीरभर गस्त घालतात. परंतु काही जागा अशा आहेत की जेथे त्यांनी हस्तक्षेप करू नये अशी निसर्गाने व्यवस्था केली आहे. डोळ्याचा आतील भाग ही त्यांपैकी एक, आणि वाढत्या केसाचा कंद ही दुसरी. चाईमध्ये कंदाभोवतीचे हे अभय तात्पुरते भंगते. पहारेकरी घरधन्यालाच परका समजतात आणि कंदाभोवती गर्दी करतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य मोहोळाभोवती घोंघावणाऱ्या मधमाश्यांसारखे दिसते, असे वर्णन पाठ्यपुस्तकांतून आढळते. या हल्ल्यामुळे केसाची वाढ अवेळी थांबते, तंतू मुळाशी कमजोर होऊन तुटतो आणि गळतो. अशा विकारांना ऑटोइम्यून विकार म्हणतात. अवटू ग्रंथीचे म्हणजे थायरॉइडचे काही विकार आणि कोड हे त्याच कुळातील. म्हणूनच चाईच्या रुग्णात थायरॉइडची तपासणी करून घेणे पुष्कळदा हितावह ठरते.

मुळातील मूलपेशींचा साठा मात्र या हल्ल्यातून सुखरूप राहतो. झरा बुजत नाही. विहिरीवर पहारा बसतो, इतकेच. पहारा उठला की पाणी पुन्हा वर येते.

हा आजार दुर्मीळ नाही. साधारणपणे शंभरातील दोघांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. स्त्रिया, पुरुष, मुले, कोणताही वर्ण, कोणताही देश त्याला वर्ज्य नाही. काही कुटुंबांत तो एकाहून अधिक जणांत दिसतो, म्हणजे आनुवंशिक प्रवृत्तीचा त्यात वाटा आहे. पण एकट्या जनुकाने तो ठरत नाही. मानसिक ताण, ज्वर वा मोठे आजारपण हे काहींच्या बाबतीत ठिणगीचे काम करीत असावेत. तथापि "तू फार विचार करतेस, म्हणून केस गेले" असे मुलीला ऐकवणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही. ताणामुळे चाई होते यापेक्षा चाईमुळे ताण येतो, हे अधिक निश्चितपणे सांगता येते.

पूर्वसूरींचे निरीक्षण

आपल्या प्राचीन वैद्यांनी हा आजार बारकाईने पाहिला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये इंद्रलुप्ताचे वर्णन येते. रोमकूपातील पित्त वातासह केस पाडते आणि मग रक्तासह कफ त्या रोमकूपाचे तोंड बंद करतो, त्यामुळे नवा केस उगवत नाही, असा त्याचा आशय आहे. यातील लक्षणीय गोष्ट म्हणजे केस पडणे आणि नवा न उगवणे या दोन वेगळ्या घटना सुश्रुताने वेगळ्या ओळखल्या. वाग्भटाने तर अचानक केस जाणे आणि हळूहळू टक्कल पडणे यांत स्पष्ट भेद केला. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत कार्तिकाचे एक मत नोंदवले आहे : इंद्रलुप्त दाढी-मिशीत होते, खालित्य डोक्यावर होते आणि रुज्या सर्वांगावर होते. आजचे त्वचारोगतज्ज्ञही डोक्यावरील चट्टे, दाढीतील चट्टे आणि सर्वांगावरील केस जाणे यांची वेगवेगळी नोंद करतात.

या निरीक्षणाचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु अभिमान आणि अनुकरण यांत विवेक हवा. जुन्या ग्रंथांतील काही लेप त्वचेवर क्षोभ उत्पन्न करणारे आहेत. गुंज आणि भल्लातक, म्हणजे आपला बिब्बा, ही त्यांतील द्रव्ये. जाणता वैद्य ती शोधन करून, मात्रा पाहून वापरीत असे. आज घरोघरी जे चालते त्यात शोधनही नसते आणि मात्राही नसते. बिब्बा उतला तर त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि क्वचित कायमचा व्रण राहतो. व्रणाखाली मूळच मेले, तर जो केस आपोआप परत आला असता तो कधीच येत नाही. गुंजेच्या बीमध्ये अॅब्रिन नावाचे अत्यंत जहाल विष असते. वाटलेली गुंज लहान मुलाच्या तोंडात वा डोळ्यांत गेली तर प्राणावर बेतू शकते. हस्तिदंताच्या मषीचा उल्लेख ग्रंथांत आहे. पण हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्या देशात कायद्याने बंदी आहे, तेव्हा 'अस्सल हस्तिदंत भस्म' म्हणून जे विकले जाते ते एक तर बेकायदा असते किंवा बनावट. आयुर्वेदीय उपचार घ्यायचे असतील तर ते पदवीधर, अनुभवी वैद्याकडून घ्यावेत. ऐकीव लेपांना आयुर्वेद म्हणणे हा सुश्रुताचा सन्मान नव्हे.

प्रत्येक चट्टा चाईचा नसतो

येथे विषयाचा सर्वांत व्यवहार्य भाग येतो. केस गेलेला प्रत्येक चट्टा चाई नसतो, आणि काही चट्ट्यांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

लहान मुलाच्या डोक्यावरील चट्ट्यात कोंड्यासारखा पापुद्रा असेल, केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके दिसत असतील, खाज असेल, तर ती बहुधा बुरशी असते. ती संसर्गजन्य आहे. कंगवा, टोपी, टॉवेल यांतून पसरते. तिला पोटात घेण्याचे बुरशीनाशक औषध काही आठवडे द्यावे लागते, कारण नुसते मलम केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. अशा जागी दुकानातून आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले तर बुरशी अधिकच फोफावते. स्टेरॉइडची अनेक मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम झालेला आहे. तो पाळणे दुकानदाराइतकेच ग्राहकाचेही कर्तव्य आहे.

शरीरावर फिकट वा लालसर चट्टा आहे, त्यावरील लव गेली आहे, तेथे घाम येत नाही आणि कापूस फिरवला तर स्पर्श नीट कळत नाही, अशी लक्षणे असतील तर कुष्ठरोगाची तपासणी तत्काळ करावी. त्याच्या एका प्रकारात भुवयांचे केस बाहेरच्या बाजूने जाऊ लागतात. या नावाने दचकण्याचे कारण नाही. हॅन्सन यांनी १८७३ मध्ये त्याचा जंतू शोधला. बहुविध औषधोपचाराने सहा किंवा बारा महिन्यांत तो बरा होतो आणि शासकीय रुग्णालयांत ही औषधे विनामूल्य मिळतात. ज्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले, त्या महाराष्ट्रात तरी लाजेपोटी कुणाचा हात वाकडा होऊ नये.

भुवयांचा बाहेरचा तिसरा हिस्सा विरळ होणे हे थायरॉइड मंदावल्याचेही लक्षण असू शकते. डोक्यावरचे केस कसर लागलेल्या लोकरीसारखे ठिकठिकाणी गेले असतील तर उपदंशासाठी रक्ततपासणी करावी लागते, आणि त्याचाही निश्चित उपचार आहे. त्वचा व्रणासारखी कडक वा चकचकीत झाली, रोमकूपांची तोंडेच दिसेनाशी झाली, तर तो वेगळ्या कुळातील रोग असतो. तेथे मूळ खरोखरच मरत असते, म्हणून विलंब करू नये. काही मुले नकळत स्वतःचे केस ओढून तोडतात. त्यांना रागावून उपयोग नसतो, त्यांच्या मनातील अस्वस्थतेचा शोध घ्यावा लागतो.

पायांविषयी दोन शब्द. घट्ट मोजे वर्षानुवर्षे घालणाऱ्या पुरुषांच्या पोटऱ्यांवरील केस घर्षणाने जातात. ते निरुपद्रवी आहे. परंतु मधुमेही वा तंबाखू ओढणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पायांवरील केस गेले, त्वचा चकचकीत व थंड झाली आणि चालताना पोटरीत गोळे येऊन थांबावे लागू लागले, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची ती सूचना असू शकते. तेथे केसांचे तेल नव्हे, तर रक्तप्रवाहाची तपासणी हवी.

अन्नातूनही केस जाऊ शकतात, हे आपल्याच राज्याने अलीकडे पाहिले. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या आरंभी बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत झडू लागले. प्रथम पाण्यावर, बुरशीवर, शाम्पूवर संशय गेला. पुढे महाडचे विख्यात चिकित्सक डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रेशनवरील गव्हाचे नमुने तपासून त्यांत सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले असल्याचे मांडले. सेलेनियम अत्यल्प मात्रेत शरीराला आवश्यक, आणि अधिक झाले की केस व नखे यांना घातक. एकाच वेळी अनेकांचे केस जाऊ लागले तर ती चाई नव्हे. तेथे अन्नपाण्याचा शोध घ्यावा, हा त्यातील धडा.

खऱ्या चाईची ओळख मग कशी पटते? चट्टा गोल, गुळगुळीत व वेदनारहित असतो. त्याच्या कडेला काही आखूड केस असे दिसतात की वर जाड आणि मुळाशी निमुळते, उद्गारचिन्हासारखे. काहींच्या नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतात. नवे केस येताना पुष्कळदा आधी पांढरे येतात आणि नंतर काळे होतात; त्यामुळे पांढरे केस दिसले तर खिन्न होऊ नये, तो शुभशकुन आहे.

उपचार : काय, किती, केव्हा

एक-दोन लहान चट्टे असतील तर त्यांपैकी पुष्कळ रुग्णांत वर्षभरात केस उपचाराविनाही परत येतात. म्हणूनच बाजारात प्रत्येक तेलाचा 'गुण' येतो! केस येणारच होते. श्रेय तेलाच्या बाटलीला मिळाले. याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा आजार पुन्हा उद्भवू शकतो, आणि तो मुळापासून कायमचा नाहीसा करणारे औषध आज कोणत्याही पॅथीत उपलब्ध नाही. 'शंभर टक्के हमी' देणाऱ्याकडून सावध राहावे. थोड्या रुग्णांत सबंध डोक्यावरील, आणि क्वचित भुवया-पापण्यांसह सर्वांगावरील केस जातात. बालपणीच आरंभ झाला, डोक्याच्या मागील कडेने पट्टा पडत गेला, नखांतही बदल झाले किंवा केस जाऊन बराच काळ लोटला, तर वाट अधिक खडतर असते.

मोठ्या माणसांतील मोजक्या चट्ट्यांसाठी सर्वमान्य उपचार म्हणजे चट्ट्यातच सूक्ष्म सुईने दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन. ते चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. दाढी व भुवयांतही, मात्रा कमी ठेवून, ते देता येते. अधिक मात्रेने त्वचेला खळगा पडू शकतो, म्हणून ते तज्ज्ञाच्याच हाती असावे. लहान मुलांत सुईऐवजी लावण्याच्या औषधांपासून आरंभ करतात. मिनॉक्सिडिल साहाय्यक म्हणून देतात. चट्टे फार असतील तर डीपीसीपी नावाच्या द्रव्याने त्वचेवर मुद्दाम सौम्य, नियंत्रित ॲलर्जी निर्माण करण्याचीही पद्धत आहे. त्यामुळे संरक्षक पेशींचे लक्ष मुळावरून अन्यत्र वळते असे मानले जाते. रोग वेगाने पसरत असेल तर तोंडाने स्टेरॉइड मर्यादित काळ देतात. जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या पुन्हा पुन्हा आणणे मात्र घातक आहे. रक्तातील साखर, रक्तदाब, हाडे आणि मुलांची उंची या साऱ्यांवर त्याचा परिणाम होतो.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात मोठी प्रगती झाली, आणि तिची कथा ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातील आनुवंशशास्त्रज्ञ अँजेला क्रिस्टियानो यांना स्वतःलाच चाई झाली होती. आपल्या डोक्यावरचा चट्टा लपवीत बसण्याऐवजी त्यांनी त्यालाच संशोधनाचा विषय केले. २०१० मध्ये त्यांच्या गटाने या आजाराशी निगडित जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०१४ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवले की पेशींमधील 'जॅक' नामक संदेशवाहक मार्ग रोखला तर मुळाभोवतीचा पहारा उठतो. तीन रुग्णांचे केस या प्रकारच्या औषधाने परत आले. त्याच वर्षी येल विद्यापीठातील डॉक्टरांनी सर्वांगावरील केस गेलेल्या २५ वर्षांच्या एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली. टोफासिटिनिब या गोळीने काही महिन्यांत त्याच्या डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर आणि दाढीतही केस उगवले. वर्षानुवर्षे ओसाड वाटलेली विहीर आतून कोरडी नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

पुढे मोठ्या चाचण्या झाल्या. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेच्या औषध नियामकाने जून २०२२ मध्ये मान्यता दिली. १२ वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिबला २०२३ मध्ये, तर ड्यूरुक्सोलिटिनिबला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. बॅरिसिटिनिबच्या चाचण्यांत अधिक मात्रा घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ३५ ते ३९ जणांच्या डोक्यावर ३६ आठवड्यांत ८० टक्के वा त्याहून अधिक भाग केसांनी झाकला गेला. औषधाविना गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होते. म्हणजे फरक मोठा आहे. पण निम्म्याहून अधिकांना एवढे यश आले नाही, हेही तितकेच खरे. औषध थांबवल्यावर पुष्कळांचे केस पुन्हा गळतात. शिवाय ही औषधे संरक्षक यंत्रणेलाच आवर घालीत असल्याने गंभीर संसर्ग, रक्तात गुठळी, हृदयविकार, कर्करोग यांविषयीचा ठळक इशारा त्यांवर छापलेला असतो. आपल्या देशात क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतात. म्हणून क्षयाची तपासणी केल्याखेरीज ही गोळी सुरू करू नये. समाजमाध्यमांवर वाचून ती मागवणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

खर्च वाचवणाऱ्या दोन सूचना. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात; चाईवर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, उलट थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे त्यांमुळे चुकीचे येऊ शकतात. रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना त्याविषयी अवश्य सांगावे. तसेच सक्रिय चाईमध्ये केशरोपण करू नये. पहारा उठलेला नसताना नवे रोप लावले तर तेही जाते.

घरातील माणसांचे काम

औषधाचे काम डॉक्टर करतील. पण चाई ज्या जागी सर्वाधिक दुखते, तेथे इंजेक्शन पोहोचत नाही.

आपल्या समाजात स्त्रीच्या केशविहीन मस्तकाला एक दुःखद इतिहास आहे. वैधव्याबरोबर केशवपन लादले जाई. १८९०च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनीच विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवण्यास नकार देण्याचा निर्धार केला. ती प्रथा गेली. पण बाईचे केस म्हणजे तिचे सौभाग्य, ही समजूत मनाच्या कोपऱ्यात अद्याप वास करून आहे. म्हणूनच मुलीच्या डोक्यावरचा नाण्याएवढा चट्टा आईला आकाशाएवढा वाटतो. चाईने केस जातात. त्या मुलीची बुद्धी, गळा, हातातील कला, स्वभाव यांतले काहीही जात नाही. हे तिला शब्दांनी सांगण्यापेक्षा वागण्यातून सांगावे लागते.

मुलाला आजाराचे नाव सांगावे. 'चाई आहे, संसर्गाची नाही, मूळ जिवंत आहे' ही तीन वाक्ये सात वर्षांच्या मुलालाही पाठ करता येतात, आणि वर्गात कुणी विचारले तर त्याला उत्तर असते. वर्गशिक्षकांना आई-वडिलांनी स्वतः भेटावे; टोपी वा रुमाल बांधण्याची मुभा मागून घ्यावी. शिक्षकांनी एखाद्या तासाला वर्गाला सहजपणे समजावून सांगितले की चिडवणे पुष्कळ अंशी थांबते. समारंभात नातेवाईक भेटतील तेव्हा डोक्याकडे पाहून उपाय सुचवण्याऐवजी तिच्या अभ्यासाविषयी विचारावे. टोप किंवा रुमाल वापरायचा की मोकळ्या डोक्याने वावरायचे, हा निर्णय तिचा असू द्यावा. पापण्या गेल्या असतील तर धुळीपासून रक्षणासाठी चश्मा, डोक्यावरचे गेले असतील तर उन्हात टोपी ही सौंदर्याची नव्हे, आरोग्याची गरज आहे. मूल एकटे राहू लागले, जेवण-झोप उडाली, शाळेला जाईनासे झाले, तर समुपदेशकाची मदत निःसंकोच घ्यावी.

लग्नाचा प्रश्न टाळून चालणार नाही. ठरवताना आजार लपवला तर तो कळल्यावर दुखावतो तो विश्वास, आणि विश्वासाची चाई भरून यायला फार वेळ लागतो. मोकळेपणाने सांगावे, आणि ऐकणाऱ्या घरानेही तितक्याच मोकळेपणाने ऐकावे. मुलाच्या दाढीत चट्टा असेल तर हसून सोडून देणारी माणसे मुलीच्या डोक्यावर चट्टा दिसताच पत्रिका परत पाठवतात. हा न्याय नव्हे. आज या सभागृहात मुलीचे आई-वडील जेवढे आहेत, तेवढेच मुलाचेही आहेत.

बंधू-भगिनींनो, उद्या सकाळी कुणाच्या तरी घरी वेणी घालताना बोटाला ती गुळगुळीत जागा लागेल. तेव्हा त्या आईने हात मागे घेऊ नये. वेणी पूर्ण करावी, मुलीला शाळेत पाठवावे आणि त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घ्यावी. बिब्बा फडताळातच राहू द्यावा. आणि संध्याकाळी मुलगी घरी आली, तिने भीतभीत विचारले की केस परत येतील का, तर खोटी हमी न देता, पण खऱ्या आधाराने सांगावे, "बाळ, मूळ जिवंत आहे. आपण वाट पाहू, औषध करू. आणि केस येवोत वा न येवोत, तू आमची आहेसच."